मूळ फळा झरीला

उमरवाडीच्या चावडीवर काळा रंग दिलेला एक फळा होता आणि गेले काही दिवस त्या फळ्यावर सगुणाबाईचं नाव होतं. पाण्याला जाताना ती ते वाचायची आणि घागर भरून येताना पुन्हा वाचायची. वाचायला तिला शिकवलं होतं तिच्या लेकीनं, सत्यशीलानं, अन् तेही लेक चांगली लग्नाला आल्यावर. त्यामुळं सगुणाबाई अजून बोट हवेत धरून, एकेक अक्षर चाखत वाचायची. “सगुणाबाई सिताराम. मोठी डेग. पराती. सतरंज्या.” वाचून झालं की तिची चाल जरा बदलायची आणि घागरीतलं पाणी उगीचच हिंदकळायचं.

त्या सकाळी तिनं बोट वर केलं आणि ते तसंच वर राहिलं. तारीख तीच होती, सत्यशीलाच्या लग्नाची. मोठी डेगही जागेवर होती. नावाच्या जागी मात्र ओल्या फडक्याचा पांढुरका पट्टा ओढलेला, आणि त्यावर खडू रेटून जाड अक्षरात लिहिलेलं: माणिकराव.

चावडीसमोरच लिंबाजीचं किराणा दुकान. सगुणाबाईनं घागर खाली ठेवली.

“लिंबाजी! माझं नाव कुटं गेलं?”

लिंबाजी गूळ फोडत होता. त्यानं मान वर केली नाही. “सकाळी सकाळी कामून वरडायलीस, बाई?”

“फळ्याचा जिम्मा तुझ्याकडं हाय का न्हाई?”

“हाय की. पर काल मालक आले हुते. त्यांच्या पोरीचं लगीन त्याच दिवशी धरलंय. मला मनले, डेग लिहायचीय. म्या मनलं, मालक, लिहायचं असतंय झरीला. तर मनले, फळा इथं माझ्या डोळ्यापुढं हाय, झरीला कशाला मरायला जाऊ? पुतण्याच्या दप्तरातला खडू काढला अन् लिवलं.”

“अन् तू नुसता बघत बसलास?”

“बघत कुटं?” लिंबाजीला हे बोलणं लागलं. “मीच फडकं भिजवून दिलं.”

आता ही डेग म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. झरी, उमरवाडी, सोनखेड आणि टाकळवाडी अशा चार गावांत मिळून एक भांडीघर होतं. झरीचे व्यंकटराव गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि रिकाम्या हातांना काही काम हवं म्हणून गावोगाव फिरले. ज्याच्या घरी जे फुटकं-तुटकं तांबं-पितळ असेल ते त्यांनी मागून आणलं. कुणी बुडाला भोक पडलेली घागर दिली, कुणी कान तुटलेला तांब्या दिला. माणिकरावाच्या आईनं चेपलेलं घंगाळ दिलं आणि सगुणाबाईच्या सासूनं ठिगळ लावलेली कळशी दिली. ती सगळी मोड परभणीला तांबटाकडं गेली आणि तिकडून पराती, पातेली, झारे आले. सगळ्यांत शेवटी आली मोठी डेग. ती एवढी मोठी की आतून घासायची तर माणसाला कमरेपर्यंत आत वाकावं लागायचं. अख्ख्या लग्नाचं वरण एका उकळीत व्हायचं.

ज्याच्या घरी लग्न त्यानं भांडी न्यायची आणि काम झालं की झरीला परत पोचवायची. तिथं ती चिंच आणि राख लावून घासली जायची, खोलीत पालथी पडायची आणि मग पुढच्या घरी जायची. त्यामुळं डेग कुणाच्या दारातून आली हे कुणी विचारत नसे. ती झरीहून आली, एवढंच. काही घरांना तेवढीच आडोशाची जागा हवी होती. गुरुजींना हे ठाऊक होतं, पण ते बोलून दाखवत नसत. नामांतराच्या दंगलींना आता काही वर्षं झाली होती. गावात माणसं एकमेकांशी बोलत होती, पण शब्द जपून टाकत होती. अशा दिवसांत चार गावं निदान एका डेगीत शिजवत होती, हेही काही कमी नव्हतं.

तर कोणती भांडी कोणत्या दिवशी कुणाकडं जाणार, हे लिहायचा फळा झरीला. आधी तो एकच होता. मग सोनखेडचा माणूस उन्हातान्हात झरीपर्यंत यायचा, डेग त्या दिवशी गुंतलेली आहे असं पाहायचा आणि तोंड उतरवून परत जायचा. म्हणून गुरुजींनी बाकीच्या तीन गावांत तसेच फळे करून दिले. झरीच्या बाजाराला प्रत्येक गावातून कुणी ना कुणी जायचंच. त्यानं मूळ फळा उतरवून घ्यायचा आणि आपल्या गावच्या फळ्यावर लिहायचा. गावात बसल्या जागी कळावं की डेग कधी मोकळी आहे. पण भांडं धरायचं असेल, तारीख बदलायची असेल, नाव काढायचं असेल, तर झरीलाच जायचं. गावच्या फळ्यावर वाचायचं, खडू लावायचा नाही.

हा नियम सगळ्यांना पाठ होता. फक्त गावचा मालक म्हणवणाऱ्या माणिकरावाला वाटायचं की नियम ही बाकीच्यांना पाठ असायची गोष्ट आहे.

सगुणाबाईनं घागर घरी आदळली. “सत्या, ऊठ. झरीला जायचं.”

“आत्ता?”

“आत्ता. तुझ्या लग्नाचं वरण मालकानं पुसून टाकलं.”

वाटेनं सगुणाबाईचं तोंड चालू होतं आणि पायही. मागच्या वर्षी त्यांच्या बौद्धवस्तीतल्या चतुराबाईच्या घरी लग्न झालं, तेव्हा डेग मिळाली नव्हती. घरोघरची पातेली गोळा करून वरण केलं, एक पातळ झालं, एक खालून लागलं आणि दुसऱ्या पंगतीला सगळंच संपलं. चतुराबाईच्या लेकीला सासरी अजून ऐकावं लागायचं. सत्यशीलाचं सासर तर राणीसावरगावचं. तिकडची माणसं बोलायला गोड आणि जेवायला खंबीर.

“उपाशी माणूस उठलं ना माझ्या दारातून,” सगुणाबाई म्हणाली, “तर तुझी सासू म्हातारी होईस्तोवर तेच सांगत बसंल.”

“आई, आधी जाऊन बघू तरी.”

गुरुजींच्या अंगणात मुलांचा घोळका बसला होता. सुट्टीतही ही मुलं त्यांच्याकडं यायची. त्यांना कुणी बोलावत नसे आणि कुणी हाकलतही नसे. सगुणाबाईनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गुरुजींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग ते उठले आणि भांडीघराच्या दाराशेजारचा मूळ फळा दाखवला.

“वाच.”

सगुणाबाईनं बोट वर केलं. “स-गु-णा-बाई,” ती थांबली. “हाय की!”

“असणारच. इथं कोण पुसंल?”

“पर तिकडं तर पुसलंय.”

गुरुजी हसले. निंबाच्या खोडाला त्यांचा दाढीचा आरसा टांगलेला होता, तो त्यांनी काढून आणला. खडूनं त्या आरशावर एक लांबलचक मिशी काढली आणि स्वतःचं गुळगुळीत तोंड आरशासमोर नेलं. मुलं फिदीफिदी हसायला लागली.

“माझ्या तोंडाला मिशी आली का रे?”

“न्हाईऽऽ!”

“मग कुठं आली?”

“आरशाला!”

“आता हा आरसा मी पुसला, तर माझं नाक पुसलं जाईल का?”

मुलांना हे इतकं आवडलं की एकानं स्वतःचं नाक चाचपून पाहिलं.

“तसंच आहे बघ, सगुणाबाई,” गुरुजी म्हणाले. “फळा हा एकच. तुमच्या तीन गावांत आहेत ते आरसे. तोंड चार ठिकाणी दिसावं म्हणून टांगलेले. पण तोंड धुवायचं तर मलाच धुवावं लागणार, आरसा धुऊन भागत नाही. माणिकनं आरशाला मिशी काढली. काढू दे.”

सगुणाबाईला आरशाचं पटलं, पण तिचा जीव काही खाली बसला नाही. “गुरुजी, तुमचं बराबर हाय. पर आमच्या गावात त्या आरशालाच तोंड समजायलेत. लगनाच्या आदल्या दिशी मालकाची गाडी हितं येऊन हुबी राहिली तर?”

“तर मी म्हणेन, फळा वाच.”

“अन् गावात मला राहायचंय.”

आरशावरची मिशी गुरुजींनी धोतराच्या सोग्यानं पुसली. “मी आज येऊन तुमचा फळा पुसू शकतो. पण मग लोक म्हणतील, गुरुजीनं मालकाचं नाव पुसलं. भांडण माझं आणि त्याचं होईल, आणि नियम राहील बाजूला. त्यापेक्षा बाजाराच्या दिवसापर्यंत थांबू. त्या दिवशी काय करायचं असतं, सत्यशीला?”

“आधी सगळा फळा पुसायचा,” सत्यशीला म्हणाली. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. “बदल असो नसो. मग इथलं आहे तसं उतरवायचं.”

“का बरं सगळा पुसायचा?”

“न्हाई तर जुनं-नवं एकमेकांत मिसळतंय.”

“शाबास. लिंबाजी येईल ना बाजाराला?”

लिंबाजी बाजाराला आला नाही. त्या दिवशी पहाटेच त्याच्या पोटात कळ उठली. बायकोकरवी त्यानं सांगून पाठवलं की ह्या बाजारी फळ्याचं कुणीतरी बघा. ज्याला लिहिता येतं आणि जो झरीला जाऊन आला आहे अशा कुणीही उतरवावं, हेही नियमात होतंच. सत्यशीला गेली, मूळ फळा वहीच्या पानावर उतरवून आणला आणि दुपारी चावडीवर येऊन उभी राहिली.

गावात ही बातमी तिच्याआधीच पोचली होती. पारावर माणसं सहज बसल्यासारखी बसली होती. सगुणाबाई फळ्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी. सत्यशीलानं ओलं फडकं घेतलं आणि वरपासून खालपर्यंत सगळा फळा पुसला. मग एकेक ओळ लिहायला सुरुवात केली. तिचं अक्षर गुरुजींच्या वळणाचं, टपोरं. ‘सगुणाबाई सिताराम’ लिहून झालं आणि मागून फटफटी येऊन थांबली.

माणिकराव तसा मनानं वाईट माणूस नव्हता. फक्त त्याच्या बोलण्याच्या शेवटी आजवर कुणी प्रश्न ठेवला नव्हता.

“सत्यशीला, माझं नाव कामून पुसलंस?”

“काका, मी सगळ्यांचीच पुसली. माझ्या आईचं पण पुसलं असतं, पर ते तुमी आधीच पुसलं हुतं.”

पारावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

“मंग पुन्हा लिवलं कामून न्हाई?”

“झरीला न्हाई ते. तिथं जे हाय ते इथं लिहायचं, एवढंच माझं काम.”

“अन् मी आता खडू घेऊन लिवलं तर?”

“लिवा की. पुढच्या बाजारी पुसलं जाईल. मी सासरी गेले तरी लिंबाजीभाऊ हायेत.”

दुकानातून लिंबाजीचा आवाज आला, “मला मधी घेऊ नको, बाई. माझं पोट अजून दुखायलंय.”

आता मात्र पार उघड हसला. माणिकराव त्या हसण्यानं तापला. “ह्या फळ्याला भिंत माझ्या बापानं दिली, ध्यानात हाय का?”

“हाय ना, मालक,” सगुणाबाई म्हणाली. “भिंत दिली मनून तर आमाला घरबसल्या वाचायला मिळायलंय. पर डेग ह्या भिंतीत न्हाई. भिंतीत असती तर तुमचीच हुती.”

माणिकरावानं फळ्याकडं पाहिलं, सगुणाबाईकडं पाहिलं. मग फटफटीला लाथ घातली आणि झरीचा रस्ता धरला.

तो दिवस सगुणाबाईला फार लांब गेला. नवरा सिताराम गवंडीकामावरून आला, त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, “आपण चार लहान पातेल्यांत करू की.” त्यावर सगुणाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो हातपाय धुवायला निघून गेला.

दिवेलागणीला दारात पावलं वाजली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेली कमलबाई, माणिकरावाची बायको. बौद्धवस्तीत ती याआधी कधी आली होती हे कुणालाच आठवत नव्हतं, बहुधा तिलाही नाही. सत्यशीलानं बाज पुढं केली. कमलबाई बाजेच्या अगदी काठावर बसली.

“पाणी?” सगुणाबाईनं विचारलं. विचारून तिलाच धाकधूक झाली.

“आत्ता नगं. आत्ताच पिऊन आले,” कमलबाई म्हणाली. मग तिला हसू आलं. “सगुणे, आमच्या मालकाला गुरुजीनं आज शाळेत बसवलं.”

“कसं काय, आक्का?”

“हे गेले तिथं तावातावानं. मनले, गुरुजी, माझ्या लेकीचं लगीन हाय. गुरुजी मनले, माणिक, आधी फळा वाच. ह्यांनी वाचला. मनले, नीट आला न्हाई, पुन्हा वाच. अंगणात ती सगळी पोरं बसलेली. ह्यांनी पुन्हा वाचला! मंग गुरुजींनी इचारलं, तुझ्या लेकीचा मुहूर्त कवाचा? गोरजचा. अन् सगुणाबाईच्या लेकीचं लगीन कवा? हे मनले, मला काय ठाव. तर मनले, जा, इचारून ये. फळ्यावर दिवस लिवलाय तिच्या नावानं, आख्खा. त्यातला अर्धा कुणाला द्यायचा तर तिनंच द्यायचा. ती येऊन सांगंल तर मी लिवीन.”

“मालक कामून आले न्हाईत इचारायला?”

“त्यांचं बी पोट दुखायलंय,” कमलबाई म्हणाली, आणि या वेळी दोघीही हसल्या.

सत्यशीलाचं लग्न सकाळचं होतं. मुहूर्ताची भानगड नव्हती. त्रिशरण-पंचशील, हार, आणि मग पंगती. उन्हं कलायच्या आत डेग मोकळी होणार होती. सगुणाबाईला हे तिथल्या तिथं कळलं. पण लगेच हो म्हणायला तिचा जीव तयार होईना. पुसलेला पांढुरका पट्टा तिच्या डोळ्यापुढून जात नव्हता.

“आक्का, मला इचारलं असतं तर मी पहिल्याच दिशी हाव मनले असते. नाव कामून पुसलं?”

कमलबाई खाली पाहत राहिली. “ते चुकलंच. मी ह्यांना तवाच मनले.”

“बरं. डेग देते. पर एक गोष्ट ऐका. दुपारी हितून झरीला न्यायची, तिथं घासायची, पुन्हा तुमच्या दारात आणायची, एवढा वख्त न्हाई. डेग सरळ माझ्या दारातून तुमच्या दारात यील.”

आत चुलीवर भाकरी उलटल्याचा आवाज आला. कमलबाई पायातली जोडवी बघत बसली. “घरात सासूबाई हायेत,” ती हळूच म्हणाली. “सोयरे येणार. मनतील...”

“काय मनतील?”

कमलबाईनं ते सांगितलं नाही. पण जे सांगितलं नाही ते घरात सगळ्यांनीच ऐकलं. सगुणाबाईही मदतीला गेली नाही. तिनं तो शब्द कमलबाईच्याच ओठावर राहू दिला.

कमलबाई उठली. पदर सारखा केला. “मनू दे. पंगत उपाशी उठली तर ह्याच्याहून जास्ती मनतील. उद्या माझी गाडी झरीला जायलीय, तू चल.”

दुसऱ्या दिवशी एकाच बैलगाडीत, एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या टोकाला, अशा दोघी झरीला गेल्या. गुरुजींनी सगुणाबाईच्या तोंडून ऐकलं आणि मगच खडू उचलला. तिच्या नावाखाली लिहिलं: ‘दुपारनंतर माणिकराव, सगुणाबाईच्या दारातून.’ येताना दोघी गाडीच्या मधोमध बसल्या, कारण रस्त्याला खड्डे फार होते.

लग्नाच्या दिवशी सगळं ठरल्यासारखं झालं असतं, पण राणीसावरगावची माणसं ज्या ट्रकनं निघाली त्या ट्रकाचं चाक वाटेत बसलं. वऱ्हाड आलं तेव्हा सूर्य डोक्यावर होता. लग्न लागलं, हार पडले, आणि पहिली पंगत बसायलाच दुपार झाली. डेगीत वरण नुसतं रटरटत होतं.

तेवढ्यात माणिकरावाचा गाडीवान सूर्यभान गाडी घेऊन वस्तीच्या तोंडाशी आला. सोबत दोन गडी.

“सगुणाबाई, डेग.”

“डोळे हायेत का तुला, सूर्यभान? वरण हाय तिच्यात.”

“मालकीण वाट बघायलीय. तिकडं डाळ भिजलीय, चूल पेटलीय.”

“मंग काय वरण ओढ्यात ओतू?” सगुणाबाईनं ओगराळं त्याच्या तोंडापुढं हलवलं. “माझं माणूस जेवल्याबिगर डेग उचलायची न्हाई. घाई असंल तर बसा पंगतीला. तेवढीच लवकर रिकामी हुईल.”

सूर्यभान आणि गडी एकमेकांकडं पाहू लागले. वरणाचा वास चांगला होता. गड्यांपैकी एक जण पंगतीच्या टोकाला पाय दुमडून बसला. मग दुसरा बसला. सूर्यभान थोडा वेळ बैलांची शिंगं कुरवाळत राहिला आणि मग तोही बसला. त्यांनी डेग रिकामी करायचं काम इतकं मनावर घेतलं की वाढपी थकले. पण राणीसावरगावकरांची दुसरी पंगत अजून व्हायची होती.

थोड्या वेळानं कमलबाई स्वतः आली, घामाघूम, गळ्यातला साज एका बाजूला सरकलेला. गाडीवानाला पंगतीत भात कालवताना पाहून ती जागच्या जागी थांबली.

“सूर्यभान!”

“मालकीण, रिकामी करायलाव,” सूर्यभान तोंडातल्या घासासकट म्हणाला.

सगुणाबाई पुढं झाली. तिच्या कपाळावर धुराचे डाग होते. “आक्का, चाक बसलं वऱ्हाडाचं. मी काय करू? दिलेला शब्द मोडायलाव असं समजू नका. ही शेवटची पंगत हाय. पर ती उठवून तुमाला डेग देणार न्हाई. आजचा दिवस माझ्या लेकीचा हाय.”

कमलबाईनं डेगीत वाकून पाहिलं. तळाशी वरण उरलं होतं, पंगतीला पुरून थोडं जास्तच. तिकडं तिची चूल नुसती जळत होती, सासूबाई ओट्यावर बसून वाट पाहत होत्या, आणि दोन्हीकडचे सोयरे आज तिच्याच तोंडाकडं बघणार होते. तिनं पंगतीकडं पाहिलं. शेवटच्या रांगेत, सत्यशीलाच्या नव्या सासूशेजारी, एक जागा रिकामी होती.

“सरका जरा,” ती त्या बाईला म्हणाली आणि बसली. “वाढ गं, सगुणाबाई. गरम वाढ. अन् त्या लोकांना पण वाढ की भरभरून, असं थेंबथेंब काय वाढायलीस? मला डेग न्यायचीय.”

मग सगुणाबाईनं ओगराळं डेगीत असं बुडवलं की आतून घुमल्यासारखा आवाज आला. पत्रावळीवर भात पडला, भातावर वरण. कमलबाईनं घास घेतला, चावला, आणि सगळी वस्ती तिच्या गालाकडं पाहत राहिली.

“चिंच कमी पडली,” ती म्हणाली.

“चिंच मोप हाय,” सगुणाबाई उसळली. “तुमाला आंबट लय लागतंय.”

“लागतंय खरं,” कमलबाई म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

शेजारी बसलेल्या राणीसावरगावच्या सासूनं हळूच विचारलं, “ह्या तुमच्या कोण?”

सगुणाबाईनं ओगराळं पुन्हा भरून घेतलं. “डेगीच्या,” ती म्हणाली, आणि पुढं वाढायला गेली.

डेग रिकामी झाली. वस्तीतल्या बायकांनी ती राखेनं घासली आणि दोन घागरी पाणी ओतून खळबळून काढली. घाईत कमलबाईनंही कासोटा खोचला आणि कड धरली, कारण एवढी जड डेग कलती करायला एक हात कमीच पडत होता. सूर्यभान आणि गड्यांनी ती उचलून गाडीत ठेवली. डेगीच्या अंगाची ऊब अजून गेली नव्हती. गड्यानं हात चटकन मागं घेतला.

कमलबाई गाडीत चढली आणि डेगीला पाठ लावून बसली. बैल वळले तेव्हा तिनं मागं पाहून हाक मारली, “सगुणाबाई, लेकीला वाटं लावलंस की संध्याकाळी ये.”

“यीन,” सगुणाबाई म्हणाली. “पर पंगतीत बसीन.”

“बस की!” कमलबाईचा आवाज चाकांच्या खडखडाटात आला. “मी तुझ्याकडं कुटं हुबी राहून जेवले?”